चलन थकले म्हणून विमा थांबवू नका

वाचकाचे पत्र

महोदय, सप्रेम नमस्कार. माझ्या नावावर ११९७ सीसीची पेट्रोल मोटार आहे. यजमान असताना विमा, पीयूसी, आरटीओ हे सगळे तेच पाहत असत. तीन वर्षांपूर्वी ते गेले आणि आता ही कामे माझ्याकडे आली आहेत. मुलगा वाशीला नोकरी करतो आणि दर आठवड्याला याच गाडीने जातो-येतो. गाडीचा विमा संपून नऊ दिवस झाले. नूतनीकरणासाठी गेले, तेव्हा एजंट म्हणाले की गाडीवर सात चलने थकली आहेत, एकूण दहा हजार पाचशे रुपये होतात, ती भरल्याशिवाय विमाही होणार नाही आणि रोड टॅक्सही भरता येणार नाही. मला एकाही दंडाची कल्पना नव्हती. चार चलने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या वेगाची, दोन नो पार्किंगची आणि एक चक्क हेल्मेट न घातल्याचे आहे. मोटारीत हेल्मेट कोण घालतो? शेजारचे सांगतात की लोकअदालतीत दंड निम्मा होतो, तोवर थांबा. एजंट तीन हजार रुपयांत सगळी चलने ‘क्लिअर’ करून देतो म्हणतात. त्यातच परवा व्हॉट्सॲपवर चलनाची एक फाइल आली आहे, ती उघडावी की नाही हे कळत नाही. गाडीच्या नोंदणीला आणखी दोन महिन्यांनी पंधरा वर्षे पूर्ण होतील. मी आधी काय करावे? तोपर्यंत मुलगा गाडी वापरतो आहे, ते चालेल ना?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात शेवटी आलेल्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आधी देतो, कारण बाकीचे प्रश्न आठ दिवस थांबू शकतात आणि हा एक दिवसही थांबू शकत नाही. ते चालणार नाही. हे वाचून होताच मुलाला फोन करा आणि नवी पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी जिथे उभी आहे तिथेच राहू द्यायला सांगा. वाशीला असेल तर वाशीलाच राहू द्या. या आठवड्यात त्याने एसटीने किंवा रेल्वेने घरी यावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई देणारा विमा, असल्याशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. कलम १९६ नुसार पहिल्या वेळेस दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास चार हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. मात्र मला काळजी या दोन हजारांची नाही. विमा नसताना आपल्या गाडीने कुणाला इजा झाली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती गाडीच्या मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते, आणि मालक म्हणून कागदावर नाव तुमचे आहे, मुलाचे नाही. मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या बाबतीत न्यायाधिकरणाने ठरवायच्या भरपाईला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही.

मी बरीच वर्षे मोटार विम्याच्या दाव्यांचे काम केले. त्या काळात एक गृहस्थ आमच्याकडे आले होते; त्यांची पॉलिसी संपून अकरा दिवस झाले होते आणि बाराव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या गाडीची धडक बसून एका सायकलस्वाराची मांडी मोडली होती. ते माझ्यासमोर बसले, जुन्या पॉलिसीचा कागद टेबलावर ठेवून हाताने पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले आणि ‘अकरा दिवसांचे काही करता येईल का’ एवढेच विचारत राहिले. काहीही करता येण्यासारखे नव्हते, कारण पॉलिसी मागच्या तारखेपासून कधीच सुरू होत नाही. त्या माणसाने नंतर कित्येक वर्षे व्याजासह हप्ते भरले. विमा का राहिला होता, तर नो-क्लेम बोनसवरून, म्हणजे आधी दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवरून, एजंटाशी चाललेला वाद मिटायची ते वाट पाहत होते. तुम्ही चलनांचा गुंता सुटायची वाट पाहत आहात. कारण वेगळे असले तरी धोका तोच आहे.

आता एजंटाच्या म्हणण्याकडे येतो. चलने थकली असताना विम्याचे नूतनीकरण करता येत नाही, असा कोणताही नियम नाही. विमा हा तुमच्यात आणि विमा कंपनीत झालेला करार आहे, दंड हे तुमच्यातले आणि वाहतूक पोलिसांतले प्रकरण आहे, आणि नोंदणी व कर ही परिवहन विभागाची बाब आहे. ही तीन वेगवेगळी खाती आहेत. त्यांतली दोन एकमेकांना जोडलेली आहेत, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. पण विम्याचे खाते चलनाशी जोडलेले नाही.

एजंट मुद्दाम खोटे बोलले असतील असे मी म्हणणार नाही, कारण हा गैरसमज या व्यवसायातल्या अनेकांच्या डोक्यात बसलेला आहे आणि तो बसण्याला काही कारणेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१७ रोजी प्रदूषणाच्या प्रकरणात असा आदेश दिला होता की वैध पीयूसी प्रमाणपत्र असल्याशिवाय विमा कंपन्यांनी वाहनाच्या विम्याचे नूतनीकरण करू नये. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, त्यानुसार २०१८ मध्ये कंपन्यांना परिपत्रक पाठवले. तेव्हापासून ‘अमुक कागद नसेल तर विमा नाही’ ही भाषा कार्यालयांत रुजली. पुढे २०२४ च्या जुलैमध्ये न्यायालयाने स्वतःच ही अट मागे घेतली, कारण पीयूसीअभावी विमाच न झालेली वाहने रस्त्यावर धावू लागली तर अपघातग्रस्तांना भरपाई मिळण्याची वाटच बंद होते. हा विचार मला फार मोलाचा वाटतो, आणि थकलेल्या चलनांनाही तो तसाच लागू पडतो. दुसरे कारण असे की आयआरडीएआयच्या एका कार्यगटाने २०२१ च्या सुरुवातीला, वाहतुकीचे नियम वारंवार मोडणाऱ्यांकडून विम्याचा जादा हप्ता घ्यावा अशी शिफारस केली होती. तिच्या बातम्या सर्वत्र आल्या आणि पुढेही अशा प्रस्तावांची चर्चा अधूनमधून होत राहिली. पण शिफारस म्हणजे नियम नव्हे.

त्यामुळे एजंटांना नम्रपणे एवढेच सांगा की चलनांचे मी पाहते, तुम्ही प्रस्ताव कंपनीकडे पाठवा. ते तयार झाले नाहीत, तर थेट कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा शाखेत जाऊन पॉलिसी घ्या. त्यासाठी एजंट लागतोच असे नाही.

पॉलिसी कोणती घ्यावी, याचाही विचार करायला हवा. केवळ त्रयस्थ पक्षाची पॉलिसी घ्यायची असेल तर गाडीची तपासणी लागत नाही आणि ती तासाभरात मिळू शकते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी त्रयस्थ पक्षाचा वार्षिक हप्ता ३४१६ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४०३१ रुपयांच्या आसपास होतात. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा हप्ता वेगळा असतो. तुमच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना असेल आणि असे संरक्षण आधीपासून नसेल तर तो जरूर घ्या, कारण त्यात पंधरा लाखांचे संरक्षण मिळते.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही समावेश असलेली, म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसी हवी असेल, तर खंड पडल्यामुळे कंपनी आधी गाडी पाहील. कंपनीचा माणूस येऊन पाहतो किंवा मोबाइलवरून फोटो व चित्रफीत मागवली जाते. चारही बाजू, पुढच्या काचेचे आतून आणि बाहेरून फोटो, किलोमीटरचा आकडा आणि चासी नंबर एवढे त्यात स्पष्ट दिसायला लागते. गाडी आदल्या दिवशी धुऊन ठेवा आणि फोटो भर उजेडात काढा. काचेवरचे चकाकणारे प्रतिबिंब तडा समजून प्रस्ताव परत आलेले मी पाहिले आहेत.

नो-क्लेम बोनसची चिंता तुम्ही पत्रात व्यक्त केलेली नाही, पण एजंट तो विषय काढतीलच. पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण झाले तर बोनस टिकतो, म्हणजे नऊ दिवसांनी तो गेलेला नाही. तरीही त्याचे वजन ओळखून असा. ही सवलत फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, त्रयस्थ पक्षाच्या हप्त्यावर नसते. पंधरा वर्षांच्या गाडीची विमा किंमत इतकी उतरलेली असते की समजा त्या भागाचा हप्ता तीन हजार असेल, तर पन्नास टक्के बोनसनेही दीड हजारच वाचतात. तपासणीला वेळ लागत असेल तर निदान त्रयस्थ पक्षाची पॉलिसी आजच घ्या, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे.

थकलेल्या चलनांमुळे उद्या दावा नाकारला जाईल का, ही शंका तुमच्या मनात असणारच. नुसता दंड थकलेला असणे हा पॉलिसीचा भंग नाही. दाव्याच्या अर्जात अपघाताची तारीख, वेळ, जागा, चालकाचे नाव, त्याच्या परवान्याचा क्रमांक, पोलिसांत नोंद झाली असल्यास तिचा तपशील आणि दुरुस्तीचा अंदाज एवढे विचारलेले असते. मी हाताळलेल्या अर्जांत चलनाचा रकाना कधीच नव्हता. दावा अडतो तो चालकाकडे परवाना नसणे, त्याने मद्यप्राशन केलेले असणे, खासगी गाडी भाड्याने चालवणे किंवा गाडीची नोंदणी वैध नसणे अशा कारणांनी. यातले शेवटचे कारण नीट लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२१ च्या एका निकालात असे ठरवले की नोंदणीची मुदत संपलेली असताना गाडी वापरली असेल, तर विमा कंपनी स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. ते प्रकरण चोरीला गेलेल्या गाडीचे होते आणि तिच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली होती. तुमच्या गाडीची नोंदणी दोन महिन्यांनी संपणार आहे, म्हणजे विमा उतरवून निश्चिंत बसलात तर त्याचा अर्धा उपयोग दोन महिन्यांनी हातचा जाईल. चलनांचा प्रश्न खरा तिथे, नोंदणीच्या टप्प्यावर येतो.

पंधरा वर्षे पूर्ण होताना काय करावे लागते, ते आता सांगतो. तुम्ही ‘रोड टॅक्स’ म्हणालात. पण महाराष्ट्रात खासगी मोटारीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरलेला असतो, तो दर वर्षी भरायचा नसतो. तुमच्या यजमानांनी तो पंधरा वर्षांपूर्वीच भरला आहे. आता लागणार आहे तो जुन्या वाहनांवरचा पर्यावरण कर, आणि त्याबरोबरच नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण. हे नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. त्यासाठी नमुना २५ मधला अर्ज नोंदणी संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत तो दिवस जवळपास येऊन ठेपला आहे. खासगी मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आहे आणि उशीर झाला तर दर महिन्याला पाचशे रुपये जादा लागतात. पर्यावरण कराची रक्कम इंधनाच्या प्रकारानुसार ठरते आणि परिवहन सेवेच्या पोर्टलवर गाडीचा क्रमांक घातल्यावर ती दिसते.

अर्जासोबत चालू विमा आणि चालू पीयूसी लागेल, म्हणजे विमा आधी उतरवायचे हे दुसरे कारण. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यामुळे तिला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली असणेही आवश्यक आहे. ती नसेल तर आरटीओतली कामे अडतात. त्यानंतर मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी न्यावी लागते आणि चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, द्यावा लागतो. जुन्या गाड्यांत चासी नंबरावर गंज आणि तेलकट मळ साचलेला असतो, तेव्हा जाण्यापूर्वी गॅरेजवाल्याकडून ती जागा साफ करून घ्या. दिवे, वायपर, हॉर्न आणि हँडब्रेकही त्याच वेळी पाहून घ्यायला सांगा.

थकलेली चलने आडवी येतात ती या टप्प्यावर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १६७ नुसार चलन मुदतीत निकाली निघाले नाही, तर वाहनचालक परवाना आणि नोंदणी यांच्यासंबंधीचे अर्ज पुढे सरकत नाहीत. कर भरण्याच्या अर्जाला मात्र त्यातून वगळलेले आहे. म्हणजे एजंटांनी जे दोन अडथळे सांगितले, ते दोन्ही नाहीत आणि जो सांगितला नाही तो खरा आहे. कर भरता येईल आणि विमाही होईल, पण नोंदणीचे नूतनीकरण अडकेल. पुढेमागे गाडी विकायचे ठरवलेत तर मालकी हस्तांतरण आणि ना-हरकत दाखला हेही याच जागी अडकतील. त्यामुळे चलने दोन महिन्यांच्या आत निकाली काढलीच पाहिजेत; आणि निकाली काढणे म्हणजे डोळे मिटून सातही भरून टाकणे नव्हे.

सातही चलने एकेक करून उघडा. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक घातले की प्रत्येक चलनाची तारीख, जागा, कलम, रक्कम आणि फोटो दिसतो. केंद्राच्या परिवहन ई-चलन पोर्टलवरही एकदा पाहून घ्या, म्हणजे आरटीओच्या पथकाने केलेले किंवा परराज्यातले एखादे चलन राहून जाणार नाही. एक वही घ्या, मुलाला शेजारी बसवा आणि तारखा त्याच्या येण्या-जाण्याशी ताडून पाहा.

हेल्मेटच्या चलनापासून सुरुवात करा. तो फोटो मोठा करून पाहिलात तर त्यात स्कूटर किंवा मोटरसायकल दिसेल. आता तिच्या पाटीवरचा प्रत्येक अक्षर-अंक तुमच्या पाटीशी लावून पाहा. बहुतेक वेळा एखादा अंक वेगळा असतो, म्हणजे कॅमेऱ्याने किंवा नोंद करणाऱ्याने ३ चा ८ वाचलेला असतो किंवा १ चा ७ झालेला असतो. तसे असेल तर ही साधी चूक आहे. त्याच संकेतस्थळावरच्या तक्रारीच्या सोयीतून चलन क्रमांक देऊन, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि तुमच्या मोटारीचे पाटीसह दोन फोटो जोडून हरकत नोंदवा. ऑनलाइन तक्रारीला उत्तर आले नाही, तर तेच कागद घेऊन पिंपरी-चिंचवडच्या वाहतूक शाखेत समक्ष जा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मात्र स्कूटरच्या पाटीवर अक्षरशः तुमचाच क्रमांक असेल, तर कुणीतरी तुमचा क्रमांक वापरतो आहे, हे गंभीर आहे. अशा वेळी चलनाची हरकत पुरेशी नाही, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायलाच हवी, कारण उद्या त्या वाहनाने अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील. कोणत्याही परिस्थितीत हे पाचशे रुपये ‘जाऊ दे, कटकट नको’ म्हणून भरू नका. भरलेत की तुम्ही तो गुन्हा मान्य केला असे होते आणि मग दुरुस्ती मागायला तोंड राहत नाही.

वेगाच्या चार चलनांकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी सपाट भागात ताशी १०० आणि घाटात ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे. २०२४ च्या जुलैपासून तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली, त्यामुळे पूर्वी जे सुटून जात असे ते आता टिपले जाते. स्वयंचलित यंत्रणेने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्रीय नियमांत २०२१ मध्ये नियम १६७-अ आला. त्यानुसार पुराव्यात गाडीचा क्रमांक, वेग, जागा, तारीख आणि वेळ दिसायला हवी आणि गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांत सूचना पाठवायला हवी. फोटोत गाडी तुमची, दिवस सोमवारचा आणि वेळ मुलाच्या कामावर जाण्याची असेल, तर हरकतीला जागा नाही. ती चार चलने, म्हणजे आठ हजार रुपये, भरून टाका. एकाच जागेची आणि एकाच वेळेची दोन चलने आढळली तर त्यातल्या एकाला हरकत घ्या. वीस मिनिटांच्या अंतराने कॅमेऱ्यांच्या दोन वेगळ्या कमानींखाली पकडले गेले असेल, तर ते दोन वेगळे गुन्हे धरले जातात आणि तिथे हरकतीला यश येण्याची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

नो पार्किंगची दोन चलने पाचशे आणि दीड हजारांची असतील, कारण पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दंड वाढतो. फोटोत फलक किंवा रस्त्याकडेचा पट्टा दिसतो का, ते पाहा. दिसत असेल तर भरा.

लोकअदालतीबद्दल शेजाऱ्यांनी सांगितले त्यात थोडे तथ्य आहे. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारदा भरते, थकलेल्या ई-चलनांच्या नोटिसा तिथे हजर राहण्यासाठी मोबाइलवर येतात आणि तिथे झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. पण दंड निम्मा होईलच असे कोणतेही आश्वासन कायद्यात नाही. कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत थकीत दंडावर पन्नास टक्के सवलत दिली होती, त्याआधी तेलंगणानेही दिली होती. त्या बातम्या आपल्याकडे फिरत राहतात आणि लोकांना वाटते की ही सवलत सगळीकडे कायमचीच आहे. तुमच्या दोन महिन्यांत लोकअदालतीची तारीख पडत असेल आणि तोवर नोटीस आली असेल, तर विवादित चलन घेऊन अवश्य जा. फक्त सवलतीच्या आशेने मान्य असलेले दंड लांबवू नका. त्यात नोंदणीची मुदत चुकली तर महिन्याला पाचशेचा भुर्दंड सुरू होईल आणि गाडीही उभी राहील.

तीन हजारांत चलने ‘क्लिअर’ करून देण्याचा प्रस्ताव ताबडतोब नाकारा. दहा हजार पाचशे रुपयांचा सरकारी दंड तीन हजारांत मिटवण्याचा कोणताही सरळ मार्ग नसतो. चलन स्वतः ऑनलाइन भरा, किंवा ई-चलन यंत्र असलेल्या कोणत्याही वाहतूक पोलिसाकडे वा वाहतूक शाखेत भरा आणि प्रत्येक चलनाची पावती जपून ठेवा. भरलेले चलन आरटीओच्या प्रणालीत त्याच क्षणी निकाली दिसेलच असे नाही, म्हणून अर्ज करण्याआधी चार-आठ दिवस हातात ठेवा.

व्हॉट्सॲपवर आलेली ती फाइल उघडू नका. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतील तर ते चलन नसून फोनमध्ये शिरणारे ॲप आहे. ते बसवले की तुमचे बँकेचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. पोलीस किंवा आरटीओ कधीही अशी फाइल बसवायला सांगत नाहीत. संदेश पुसून टाका, पाठवणारा क्रमांक ब्लॉक करा, आणि चुकून ती आधीच उघडली गेली असेल तर फोनचे इंटरनेट बंद करून बँकेला कळवा व १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार द्या. चलन पाहायचे ते संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून, ज्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे तिथेच पाहायचे.

सात चलने साठेपर्यंत तुम्हाला एकाचाही पत्ता कसा लागला नाही, याचे कारण मला तुमच्या पत्रातच दिसते आहे. चलनाचा संदेश गाडीच्या नोंदीत असलेल्या मोबाइल क्रमांकावर जातो आणि तो क्रमांक बहुधा तुमच्या यजमानांचा असेल. ते गेल्यावर तो बंद झाला असेल, किंवा कपाटात ठेवलेल्या फोनमध्ये ते सगळे संदेश न वाचता पडून असतील. अशी पत्रे माझ्याकडे पुष्कळ येतात; घरातल्या माणसामागे बँक, वीज, गॅस यांचे क्रमांक आपण बदलतो आणि गाडीचा राहून जातो. परिवहन सेवेच्या पोर्टलवर मोबाइल क्रमांक बदलण्याची सोय आहे. तिथे तुमचा स्वतःचा क्रमांक नोंदवा, मुलाचा नव्हे, कारण नोटिसा गाडीच्या मालकाला येतात आणि त्या तुम्हाला कळल्या पाहिजेत.

दंडाचे आठ हजार कुणी भरायचे, हे तुम्ही विचारलेले नाही आणि तो तुमच्या घरातला प्रश्न आहे. पण त्या चार फोटोंपैकी एखादा घाटातला असेल, तर तो मुलाला समोर बसवून दाखवा आणि फोटोखाली छापलेला वेगाचा आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.

पॉलिसी मिळाली की तिची छापील प्रत गाडीत ठेवा आणि तिच्यावरची सुरू होण्याची तारीख व वेळ तपासल्यावरच किल्ली मुलाच्या हाती द्या. आणि त्या स्कूटरच्या पाटीवर कोणता क्रमांक निघाला, ते मला अवश्य कळवा. तो हुबेहूब तुमचाच निघाला, तर पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जाचा मजकूर मी तुम्हाला लिहून पाठवीन.